वाटेवरची विहीर बुजवूं नका

(सांगोला तालुक्यांतील एका गांवीं, ग्रामसभेच्या आदल्या रात्रीं चावडीपुढें भरलेल्या बैठकींत तेथील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



उद्यां ग्रामसभा आहे. तिच्यापुढें कोणता विषय यावयाचा आहे तें आपणां सर्वांस ठाऊकच आहे. गांवाबाहेर, पंढरपूरच्या जुन्या वाटेवर जी चिरेबंदी विहीर आहे ती मुरूम टाकून बुजवावी आणि त्या जागेवर दुकानांचे गाळे काढावे, असा अर्ज आला आहे. अर्ज करणारे आपलेच लोक आहेत. ते कांहीं गांवाचे वैरी नव्हेत. गेल्या उन्हाळ्यांत त्या विहिरींत एक शेळी पडून मेली. शेळीच्या मागें धांवलेलें पोर काठाच्या दगडाला लोंबकळत राहिलें आणि एका गुराख्याच्या हातीं लागलें म्हणून वांचलें. ज्या माउलीचें तें लेंकरूं, तिनें "ही विहीर बुजवा" म्हटलें तर तिला दोष कोण देईल? आम्ही तर देणार नाहीं. तेव्हां आज आम्ही जें बोलणार तें तिच्याविरुद्ध नव्हे. पण बोलणें भाग आहे.

आधीं आमचाच कबुलीजबाब ऐका. अध्यापक विद्यालयांतून शिकून आम्ही या गांवीं मास्तर होऊन आलों, त्या वर्षीं शाळेचा केर टाकावयास जागा नव्हती. शाळेच्या मागें शंभर पावलांवर ही विहीर. आम्हींच मुलांना सांगितलें, "टाका तिच्यांत." दोन वर्षें पोरांनीं रोज टोपली रिकामी केली. मग एका चैत्रांत एक म्हातारा मेंढपाळ दोन-अडीचशें मेंढरें घेऊन त्या वाटेनें आला. त्यानें काठाशीं उभें राहून आंत पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें आणि एवढेंच म्हणाला, "मास्तर, माज्या आज्यानं हितं मेंढरं पाजली, बापानं पाजली. आता म्या काय पाजू?" असें म्हणून तो पुढें चालूं लागला. पुढचें पाणी दोन कोसांवर होतें आणि ऊन तर डोक्यावर आलें होतें. मेंढरांच्या पायांची धूळ बसेपर्यंत आम्ही तेथेंच उभे होतों. त्या दिवसापासून केर बंद झाला. पण टाकलेला केर कांहीं आपोआप वर आला नाहीं. तो अजून तेथेंच आहे. म्हणून आमचें हें बोलणें म्हणजे मागच्या चुकीची फेड आहे असें समजा.

आतां ही वाट कसली तें पोरांना ठाऊक नाहीं, म्हणून सांगतों. आपला माणदेश म्हणजे खिल्लार जनावराचें माहेर. आटपाडी, म्हसवड, सांगोला या मुलखांतलें तें पांढरें, काटक, लांब शिंगांचें जनावर. तें विकावयाचें तर बाजारापर्यंत पायीं चालवीत न्यावें लागे. खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा, सांगोल्याचा रविवारचा बाजार, पंढरपूरची कार्तिकी, सोलापूरच्या सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा, हे सगळे जनावरांचे मोठे बाजार. यांना जोडणाऱ्या वाटांनीं खिल्लारें चालत. त्याच वाटांनीं धनगरांचे वाडे मेंढरें घेऊन फिरत, आणि दिवाळीच्या अंवसेला मंगळवेढें तालुक्यांत हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेस जात. त्याच वाटांनीं लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हिंडत. वारकरी तर होतेच.

आतां हिशेब करा. लादलेला बैल दिवसाला चार-पांच कोस चालतो; मेंढरूं चरत चरत त्याहून कमीच. उन्हाळ्यांत एका बैलाला दिवसाला 40-50 लिटर पाणी लागतें, एका मेंढराला 5-6 लिटर. 300 मेंढरांचा वाडा म्हटला कीं झालें दिवसाला 1500 ते 1800 लिटर! आपल्या जिल्ह्यांत वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. ओढे संक्रांतीच्या आधींच आटतात. अशा मुलखांत मुकें जनावर शंभर मैल चालवावयाचें तर टप्प्याटप्प्यावर पाणी पाहिजे. म्हणून या विहिरी. त्या नसत्या तर बाजार भरले नसते. बाजार भरले नसते तर कुणब्याला बैल मिळाला नसता. आणि बैल नसता तर रान पिकलें नसतें. आपल्या आजोबा-पणजोबांनीं जी भाकरी खाल्ली तिच्यांत या विहिरींचें पाणी आहे.

या विहिरी बांधल्या कोणीं? मोठ्या माणसांचीं नांवें आपण घेतों, आणि घ्यावींच. बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वरांनीं सोलापुरांत तलाव खोदविला. स्वतः खपले आणि लोकांना खपविलें. देव देव करण्यापेक्षां तहानलेल्याला पाणी देणें मोठें, हा धडा त्यांनीं आठशें वर्षांपूर्वीं दिला. करमाळ्याला रावरंभा निंबाळकरांच्या कमलाभवानीच्या देवळाजवळ हत्ती बारव आहे. तिला 96 पायऱ्या. सातारा जिल्ह्यांत लिंब गांवीं बारामोटेची विहीर आहे. सातारकर शाहू छत्रपतींच्या घरच्या विरूबाईसाहेबांनीं ती 1719 ते 1724 या काळांत बांधविली. सुमारें 110 फूट खोल, आणि बारा मोटा एका वेळीं चालत. आणि चौंडीच्या धनगराच्या घरीं 1725 सालीं जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर! देशभर त्यांनीं घाट बांधले, विहिरी व बारवा बांधल्या. मेंढरांची तहान पाहून वाढलेल्या मुलीला पाण्याची किंमत कोणीं शिकवावी लागली नसेल.

पण बाबांनो, दगडावर नांव सरदाराचें असलें तरी त्या दगडावर पडलेला घण वडाराचा होता. आपल्या या विहिरीवर तर कोणाचेंच नांव नाहीं. वडारानें खडक फोडला, पाथरवटानें चिरा घडविला, बेलदारानें तो बसविला. लोहारानें पहारींना आणि छिन्न्यांना धार दिली. सुतारानें मोटेचें चाक केलें. ढोरानें कातडें कमावलें, चांभारानें मोट शिवली, मांगानें नाडा वळला. बायांनीं डोक्यावरून माती वाहिली. अठरा कामकऱ्यांचे हात लागले तेव्हां विहिरीला पाणी लागलें.

आणि पाणी लागल्यावर काय झालें? ज्यानें कातडें कमावलें त्यानें मोटेला शिवावयाचें नाहीं! ज्यानें नाडा वळला त्यानें नाड्याला हात लावावयाचा नाहीं! आपल्याच विहिरीच्या पूर्वेच्या अंगाला जनावरांसाठीं दगडी डोण आहे. त्या डोणीच्याही खालीं, ओघळापाशीं एक सपाट शिळा आहे. ती कशाची, असें आम्हीं एका वृद्धास विचारलें. तो बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, "तिथं आमची माणसं घागर ठेवून बसायची. कुनी वाढलं तर पानी." ऐकलेंत? बैलाचें तोंड पाण्याला लागे तें चाले, पण माणसाचा हात लागलेला चालत नसे. बैल वर आणि माणूस खालीं!

हा अन्याय मोडावयास काय काय करावें लागलें तें मुलांनीं लक्षांत ठेवावें. 1868 सालीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. 1923 सालीं सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत मंजूर झाला कीं सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांस मोकळ्या असाव्या. ठराव कागदावरच राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजीं महाडास डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना हजारों लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावें लागलें. कोणी म्हणेल, "अशा विहिरीची लाज वाटते, बुजवा एकदांची!" आम्ही म्हणतों, विहीर बुजविल्यानें लाज बुजत नाहीं, फक्त पुरावा बुजतो. चिरे राखूं, पण चाल राखावयाची नाहीं. ती शिळा तेथेंच राहूं द्या आणि आम्हांला दरवर्षीं मुलांना तिच्यापाशीं नेऊन सांगूं द्या कीं येथें काय घडत होतें.

आतां विहिरीचें शास्त्र थोडें समजून घ्या. आपल्या जमिनीखालीं काळा कातळ आहे. कातळ पाणी पीत नाहीं. पाणी मुरतें तें वरच्या मुरमांत आणि कातळाच्या भेगांत. म्हणून जुन्या जाणत्यांनीं मुरूम फोडून भेगांपर्यंत विहीर नेली. वरची काळी माती आणि मुरूम ढासळूं नये म्हणून तेवढ्या भागाला घडीव दगडाचें बांधकाम केलें. खालचा कातळ तसाच ठेवला. दगडांचे सांधे मुद्दाम मोकळे ठेवले कीं झरे त्यांतून पाझरावे. पायऱ्या ठेवल्या कीं पाणी खालीं गेलें तरी माणूस पाण्यापर्यंत जावा. वर धांव ठेवली कीं बैलांनीं मोट ओढावी. पुढें थारोळें आणि थारोळ्यांतून पाणी डोणींत. एकही दगड उगाच नाहीं.

मग असली विहीर मोडीत कां निघाली? मोट गेली, तेलाचें इंजिन आलें. इंजिन गेलें, विजेचा पंप आला. 1972 चा दुष्काळ पडला आणि त्यानंतर कूपनलिका खोदण्याचीं यंत्रें गांवोगांव फिरूं लागलीं. आधीं दोनशें फूट, मग चारशें, आतां सहाशें. वरच्या मुरमांतलें पाणी या भोंकांवाटें खालीं उतरलें आणि विहिरींचे झरे मुके झाले. ज्यानें विहीर आटविली त्यानेंच मग म्हणावयाचें कीं "कोरडी विहीर काय कामाची?" हा न्याय कोठला?

दुसरें एक कारण आहे, तें आम्ही लपविणार नाहीं. पायऱ्यांच्या विहिरींत लोक पाय बुडवीत. त्यामुळें नारूचा रोग पसरे. पायांतून हातभर किडा निघे, माणूस महिना महिना अंथरुणाला खिळे. म्हणून सरकारच्या आरोग्य खात्यानें 1980 नंतरच्या मोहिमेंत अनेक पायविहिरी बंद करविल्या किंवा त्यांच्या पायऱ्या काढविल्या. तें योग्यच झालें. देशांतला शेवटचा नारूचा रोगी 1996 सालीं सांपडला आणि 2000 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें मान्य केलें. तेव्हां या विहिरीचें पाणी माणसांनीं तसेंच प्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. माणसांना नळ आहे. पण मेंढराला नळ कोण सोडतो? बाभळीला, लिंबाला, शाळेच्या बागेला पाणी नको काय? आणि ज्या आठवड्यांत नळ येत नाहीं त्या आठवड्यांत आपल्या दावणीच्या जनावरांना टँकरचें पाणी विकत घेऊन पाजणार काय?

अर्ज करणाऱ्यांचें म्हणणें दोन गोष्टींचें आहे. एक भीति, दुसरें उत्पन्न. भीति खरी आहे. तिला उत्तर असें: काठावर कमरेच्या वर येईल असा दगडी कठडा बांधूं, पायऱ्यांच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवूं आणि विहिरीच्या तोंडावर जाळी घालूं. धोका कठड्यानें जातो. त्यासाठीं विहिरीचा जीव घेण्याची गरज नाहीं. चुलीनें हात भाजला म्हणून चूल फोडीत नाहींत.

उत्पन्नाचें म्हणाल तर गाळे बांधण्यास गांवाला दुसरी जागा आहे, विहिरीला नाहीं. शिवाय बुजविलेल्या विहिरीची माती वर्षानुवर्षें दबत जाते. तिच्यावरची भिंत तडकणार नाहीं याची हमी कोणता ठेकेदार देतो तें त्यास विचारा. आणि कायद्याचीही गोष्ट आहे. पंजाबांत एका गांवचें तळें बुजवून त्यावर कांहींजणांनीं घरें बांधलीं होतीं. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. 28 जानेवारी 2011 रोजीं न्यायालयानें तें अतिक्रमण काढावयास सांगितलें, आणि गांवच्या सामाईक जमिनी गांवाला परत मिळाव्या म्हणून सर्व राज्यांनीं योजना करावी असा आदेश दिला. आपली विहीर गांवाच्या नकाशांत आहे. ती कोणा एकाच्या बापाची नाहीं, पंचांची नाहीं, सरपंचांचीही नाहीं. आणि आम्हां मास्तरांची तर नाहींच. वाटेनें येणारा तो मेंढपाळ या गांवचा मतदार नाहीं, उद्यां तो हात वर करावयास येणार नाहीं. पण त्याचाही तिच्यांत वांटा आहे. आपण त्याच्या तर्फेचे विश्वस्त आहोंत.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, गाळानें भरलेली विहीर कुठें पुन्हां जिवंत होते काय?" आपल्या खिशांतली जांभळी शंभराची नोट काढा आणि उलटून पाहा. मागें जें चित्र आहे तें गुजराथेंत पाटण येथील राणीच्या वावेचें, म्हणजे बारवेचें. ती शतकानुशतकें नदीच्या गाळाखालीं गाडलेली होती. गाळ काढला, आणि 2014 सालीं ती जगाच्या वारशांत गणली गेली. फार दूर जावयास नको. परभणी जिल्ह्यांत वालूर येथें गांवकऱ्यांनीं आपल्या जुन्या बारवा गाळ उपसून मोकळ्या केल्या आहेत. महाराष्ट्रांतले तरुण गेलीं कांहीं वर्षें बारवा शोधून त्यांची नोंद करीत आहेत आणि महाशिवरात्रीस तेथें दिवे लावीत आहेत. आपली विहीर कांहीं राणीची वाव नव्हे. ती ढोरा-मेंढरांची साधी विहीर आहे. पण राण्यांच्या विहिरींना वाली मिळतो. मेंढरांच्या विहिरींना आपणच.

काम कसें करावयाचें तेंही सांगून ठेवतों, कारण उत्साहाच्या भरांत नुकसान फार होतें. पहिली गोष्ट, बंद विहिरींत वाईट हवा सांचते. कोणीही एकदम आंत उतरूं नये. आधीं कंदील सोडून पाहावा; विझला तर आंत पाऊल टाकावयाचें नाहीं, आणि न विझला तरीही कमरेला दोर बांधल्यावांचून व वर माणसें उभीं केल्यावांचून उतरावयाचें नाहीं. इंजिन विहिरींत उतरवून चालवावयाचें नाहीं. त्याच्या धुरानें माणसें गुदमरून मेल्याचीं उदाहरणें आहेत. दुसरी गोष्ट, पाणी असलें तर तें एका दिवसांत उपसूं नये, हळूहळू उतरवावें. नाहींतर मागच्या ओल्या मातीच्या भारानें चिरे आंत येतात. काम चैत्र-वैशाखांतच उरकावें. तिसरी गोष्ट, सांध्यांतलें पिंपळाचें, उंबराचें कोंवळें रोप लगेच काढावें. पण मूळ जाड झालें असेल तर ओढूं नये, कापून मारावें, कारण ओढलें तर त्याच्याबरोबर भिंतही येते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आंतून सिमेंटचा गिलावा करावयाचा नाहीं आणि ऑईलपेंट तर मुळींच नाहीं. गिलावा केला कीं झऱ्यांचें तोंड बंद झालें. निसटलेला चिरा पुन्हां त्याच्याच जागीं बसवावा. बांधावा लागलाच तर चुन्यांत बांधावा. आपल्या वडार वस्तींत हें काम जाणणारीं माणसें अजून आहेत. त्यांना मजूर म्हणून बोलावूं नका, उस्ताद म्हणून बोलवा, आणि त्यांची मजुरी गांवानें रोख द्यावी. श्रमदान इतरांनीं करावें. ज्यांच्या सात पिढ्यांनीं फुकट राबून गांव उभें केलें त्यांच्याकडून आणखी दान मागणें शोभत नाहीं.

वरचा केर खड्ड्यांत जाईल. खालचा गाळ काळा, कसदार आहे. तो ज्यांचीं हलकीं रानें आहेत त्यांनीं आधीं न्यावा. फुले यांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यांतही तळ्यांतला गाळ शेतकऱ्यास नेऊं द्यावा, झरे शोधून विहिरी खणाव्या, हें सांगितलें आहे. आणि विहिरीच्या वरच्या अंगाला ओढ्याला दोन-तीन ठिकाणीं दगडाचे बांध घालूं, म्हणजे पावसाचें पाणी मुरेल. नुसती विहीर उपसली आणि वर पाणी मुरविलें नाहीं, तर तीं दिवे लावण्याचीच जागा होईल, पाणी पिण्याची नाहीं.

यंदाच्या यात्रेच्या वर्गणींतून कमान बांधावी असा विचार चालला आहे. कमानीखालून देव एकदां जातो. विहिरीवर मुकीं जनावरें रोज येतील. आम्ही देवाविरुद्ध बोलत नाहीं. बिरोबालाच विचारा, त्याला कमान आवडेल कीं त्याच्या मेंढरांना पाणी मिळालेलें आवडेल.

आतां शेवटचें. उद्यां हात वर करण्याआधीं आपल्या मनास एवढें विचारा: ज्यांचीं नांवें कोणत्याच शिळेवर नाहींत त्या आपल्या पूर्वजांनीं आपल्यासाठीं काय ठेवलें? वाडे ठेवले नाहींत, वतनें ठेवलीं नाहींत. फक्त ही विहीर त्यांनीं बांधून ठेवली. त्यांचें सही-शिक्क्याचें हें एकच पत्र आपणांपाशीं आहे. तें मुरमाखालीं घालावयाचें कीं वाचावयाचें, तें आपण ठरवा.

ठराव आपण विहीर राखण्याच्या बाजूनें केलात तर येत्या चैत्रांत काम सुरू होईल. ज्या माउलीचें लेंकरूं वांचलें तिला आमची विनंति आहे कीं कठड्याचा पहिला दगड तिनें ठेवावा. सर्व वस्त्यांतील माणसांनीं त्याच पायऱ्यांनीं, एकाच रांगेंत खालीं उतरावें. आणि केराची पहिली पाटी आम्ही स्वतः भरून वर आणूं. कारण पहिली टोपली आमच्याच सांगण्यावरून आंत गेली होती.